संदुकीच्या तळाची डबलरोटी

परवा सकाळी बायकोनं पावाचा पुडा उघडला. एका कोपऱ्याला हिरवट बुरशी आली होती. तिनं सुरीनं तेवढा कोपरा कापून बाजूला टाकला आणि उरलेला पाव तव्यावर ठेवला. "बाकीचा चांगला आहे," ती म्हणाली. मी तिच्या हातातून उलथनं हिसकावलं, तवा उचलला आणि पाव खिडकीतून अंगणात फेकला. काय बोललो ते आठवत नाही. शेजारच्या घराचं दार मात्र उघडल्याचा आवाज आला.

"अंगात आल्यासारखं काय ओरडताय?" ती म्हणाली. "कोपऱ्यालाच तर लागली होती."

कोपऱ्यालाच. हे एवढं म्हणून सुटता येतं हे मला फार चांगलं ठाऊक आहे. वीस वर्षांच्या संसारात मी तिला त्या गावाबद्दल पुष्कळ सांगितलं. नदीचं सांगितलं, पहिल्या पगाराचं सांगितलं, संदुकीचं कधीच सांगितलं नाही. आता लिहून काढतो. यातून माझी सुटका व्हावी अशी इच्छा नाही. राग अजून आहे, तो कुणावर आहे हे एकदा नीट मांडायचं आहे, एवढंच.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचा पावसाळा होता. मी बावीस वर्षांचा. सोनपेठपासून आत, कच्च्या रस्त्यावरच्या एका गावात त्या उन्हाळ्यातच मला शिक्षकाची पहिली नेमणूक मिळाली होती. माझ्या वडिलांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, म्हणजे माझं सगळं शिक्षण त्या एका दिवसाच्या जोरावर झालं. आमच्या घरातला पहिला नोकरदार मी. त्या गावानं पाहिलेला पहिला बौद्ध गुरुजीही मीच. खोली अर्थातच बौद्धवाड्यात मिळाली. शेजारी एक विधवा बाई आणि तिची चौथीत शिकणारी मुलगी राहायची. बाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची आणि माझ्यासाठी दोन भाकरी थापायची. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला वाड्यात दादा आणि शाळेच्या आवारात गुरुजी म्हणायची. हा फरक तिनंच ठरवला होता.

शाळेत आम्ही दोघेच. हेडमास्तर आणि मी. दुष्काळामुळे मुलांना रोज अर्धी डबलरोटी मिळायची. ती परभणीहून ट्रकनं सोनपेठला यायची आणि तिथून आठवड्यातून दोनदा मी सायकलवर पोतं बांधून आणायचो. त्या गावात डबलरोटी म्हणजे तापकऱ्याचं खाणं. कुणाला टायफॉइड झाला तर चहात बुडवून द्यायची, एरवी कोण खातो? पहिल्या दिवशी बाया शाळेच्या भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या.

"दाबली की बसती, सोडली की उठती," एकजण म्हणाली. "माझ्या सासूसारखी हाय की."

"आमची लेकरं काय आजारी हायत का, गुरुजी?" दुसरी म्हणाली.

"उपाशी हायत," अक्का म्हणाली. "तेच दुखणं समज अन् गप खाऊ दे."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. अक्काच्या बोलण्याला अशी धार होती.

डबलरोटी ठेवायला शाळेची एक मोठी लोखंडी संदूक होती. पूर्वी तिच्यात नकाशे असायचे. उंदीर, मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट लावायचं. आणि हेडमास्तरांचा नियम होता की संदूक कधीच रिकामी करायची नाही. "उद्या गाडी आली नाही तर?" ते म्हणायचे. दुष्काळानं सगळ्यांनाच ही सवय लावली होती, घरोघरी मडक्यात मूठभर तरी मागे ठेवायचे. त्यामुळे नवी डबलरोटी जुनीवर रचली जायची. वाटताना वरून काढायची, पहिल्या रांगेपासून सुरुवात करायची. जुनी वाया जाऊ नये म्हणून शेवटची रांग आली की हात तळाशी घालायचा.

शेवटची रांग दाराजवळ बसायची. त्या रांगेत बौद्धवाड्यातली अकरा मुलं होती.

असं बसायचं हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी येण्याआधीपासून ती तशी बसत होती. तळाची डबलरोटी त्यांना द्यायची असंही कुणी म्हटलं नव्हतं. पहिल्या रांगेत शिळी दिली असती तर त्या मुलांचे बाप दुसऱ्या दिवशी शाळेत आले असते, एवढं सगळ्यांना न बोलता कळत होतं. आणि संदुकीत घातला जाणारा हात माझा होता. हे वाक्य मी अनेक वर्षं वेगळ्या तऱ्हेनं म्हणत आलो. तिथे तशी पद्धत होती, वाटप तसं व्हायचं, असं. वाटप आपोआप होत नाही. मी वाकायचो, वरच्या पावांच्या बाजूनं हात खाली सरकवायचो, आणि तळाची काढून त्या मुलांच्या हातात ठेवायचो.

पहिल्याच आठवड्यात मी एकदा उलटं केलं होतं. दारापासून वाटायला सुरुवात केली होती. हेडमास्तर काही रागावले नाहीत. मधल्या सुट्टीत पान लावता लावता एवढंच म्हणाले, "काय गुरुजी, आपल्या माणसांपासून सुरुवात केली वाटतं?"

बस. तेवढ्यावर मी गार पडलो. पक्षपाती म्हणून नाव होईल, बदली होईल, आमच्यातल्या पुढच्या पोराला नोकरी देताना साहेब माझं उदाहरण देतील, असं काय काय मनात आलं. दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या रांगेपासून वाटायला लागलो, आणि इतका काटेकोर झालो की माझ्या जागी गावातला कुणी गुरुजी असता तर त्यानं एखाद्या दिवशी तरी त्या मुलांना चुकून ताजी दिली असती. मी चुकूनही दिली नाही. आपल्या माणसांना झुकतं माप देत नाही हे दाखवण्यासाठी मी आपल्याच माणसांच्या पोटावर उभा राहिलो.

उन्हाळ्यात तळाची डबलरोटी फक्त कडक व्हायची, कौलासारखी. मुलं ती पाण्यात भिजवून खायची. पावसाळा लागला, पिकं वीतभर झाली, आभाळ आठ-आठ दिवस उघडेना, आणि बंद झाकणाखाली डबलरोटीला घाम सुटला. प्रथम पांढरे ठिपके आले. मग त्यावर हिरवट-करडी लव. झाकण उघडलं की ओल्या तळघरासारखा वास यायचा. मी मुलांना द्यायच्या आधी ती लव बोटानं खरवडायचो आणि बोट धोतराला पुसायचो.

हेडमास्तरांना म्हणालो, "सर, खालचा थर फेकून देऊ. बुरशी धरलीय."

"अन्न फेकायचं?" ते म्हणाले. "या साली? गावात कळलं तर तोंडाला काळं फासतील आपल्या. अहो, तुम्ही शिकलेले. बुरशीतूनच तर इंजेक्शन काढतात ना? काय ते... पेनिसिलीन. पोरं उलट ठणठणीत होतील." आणि हसले.

पेनिसिलीनचं त्यांना मीच सांगितलं होतं. अध्यापक विद्यालयात असताना एका पुस्तकात अर्धं पान वाचलं होतं, आणि नवा-नवा असताना त्यांच्यावर छाप पाडायला ते ऐकवलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अक्काची मुलगी वाटपाच्या वेळी उभी राहिली. ती वर्गात सगळ्यात हुशार होती. उत्तर येत असेल तर बोट वर करायची, येत नसेल तर दोन्ही हात वर करून "गुरुजी, मला न्हाई येत, सांगा" म्हणायची. असं पोर मी नंतरच्या सगळ्या नोकरीत पाहिलं नाही. तिनं अर्धी डबलरोटी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"गुरुजी, ह्याला केस आलेत."

वर्ग खदखदून हसला. पहिल्या रांगेतला एकजण मागे वळून बघायला लागला. हेडमास्तर दारात उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि त्या क्षणी मला बरोबर काय करायचं हे माहीत होतं. संदूक बाहेर ओढायची आणि अंगणात पालथी घालायची. मी खडू घेतला.

"याला बुरशी म्हणतात," मी म्हणालो. "घाबरायचं कारण नाही. यातूनच औषध बनतं. जखमा भरून येण्याचं औषध. त्याचं नाव पेनिसिलीन." फळ्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहिला. "वरचं झटका आणि खा."

तिनं खाली बसून पाटीवर तो शब्द उतरवला. न चुकता. मग डबलरोटी झटकली नाही, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून दप्तरात ठेवली. मला वाटलं, घरी आईला देणार असेल. नेहमीच देत होती.

आता अक्काच्या हाताचं सांगायला हवं. खडी फोडताना दगडाची कपची उडून तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटात शिरली होती. तिनं चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. हे मला दिसत होतं का? दिसत होतं. माझ्या भाकरीचा आकार बदलला होता. पूर्वी चंद्रासारखी गोल यायची, आता एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला फाटलेली, कारण ती डाव्या हातानं थापत होती. मी आठ दिवस ती वाकडी भाकरी खाल्ली आणि एकदाही विचारलं नाही की अक्का, हाताला काय झालंय.

मग एके दिवशी मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. पायरीखाली उभी राहिली. हात पदराखाली होता.

"जयभीम, गुरुजी. थोडं हिरवं देताव का?"

"हिरवं?"

"औषध हो. पोरगी रोज आणायची, रात्री बोटाला लावायची, वरून चिंधी. काल लय थोडं होतं. ठणका कमी होईना, म्हनलं तुमच्यापाशी जास्ती असंल."

तिनं पदर बाजूला केला. बोट वांग्याएवढं सुजलेलं आणि चिंधीवर हिरवट भुगा. हाताची शीर कोपरापर्यंत लाल.

मागून हेडमास्तर म्हणाले, "घ्या! तुमच्या पेनिसिलीनला गिऱ्हाईक आलं."

आजही ते हसू आठवलं की हातात जे असेल ते फेकावंसं वाटतं. पण खरं सांगायचं तर हेडमास्तरांवर चिडणं सोपं आहे. ते तसेच होते, तसे नसल्याचं त्यांनी कधी भासवलं नाही. त्यानंतर जे बोलणं झालं ते माझं होतं.

"अक्का, असं लावायचं नसतं ते," मी म्हणालो. "पोरीला नीट कळलं नसेल. तिनं काहीतरी अर्धवट ऐकलं."

मुलगी दाराजवळच्या तिच्या जागेवर बसलेली होती. डबलरोटी खात नव्हती, ऐकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. फळा मी दुसऱ्याच दिवशी पुसला होता.

"दवाखान्यात जा," मी म्हणालो. "आज जा."

"आज कसं जाऊ? हजेरी बुडती. बाजारच्या दिवशी जाते."

बाजाराला तीन दिवस होते. मी तिला बळंच नेऊ शकलो असतो. तिला भीती वाटावी म्हणून एक वाक्य पुरलं असतं. अक्का, माझी चूक झाली, ते औषध नाही, घाण आहे, सोडून दे. तेवढंही मी बोललो नाही, कारण हेडमास्तर ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे मुलीनं माझं दार वाजवलं. आई तापानं बरळत होती. बैलगाडीनं सोनपेठ आणि तिथून एसटीनं परभणी. एसटीत अक्का खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसली होती आणि मधूनच शुद्धीवर येऊन म्हणत होती, "दादा, तुमची भाकर राहिली आज."

डॉक्टर तरुण होते, भले वाटले. चिंधी सोडल्यावर त्यांनी नाक मुरडलं आणि विचारलं, "हे काय लावलंय?"

अक्का अर्धवट ग्लानीत होती, पण तिला सांगायचं होतं. शाळेतलं औषध आहे, गावठी नाही, हे तिला अभिमानानं सांगायचं होतं. "गुरुजींचं औषध," ती म्हणाली आणि डाव्या हातानं माझ्याकडे दाखवलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या अंगात इस्त्रीचा सदरा होता, खिशाला पेन होतं.

मी म्हणालो, "खेड्यातले लोक आहेत, डॉक्टरसाहेब. काहीबाही लावतात."

हे वाक्य मी उच्चारलं. बौद्धवाड्यातल्या खोलीत राहणारा, तिच्या हातची भाकर खाणारा मी. ज्या आवाजात माझ्या वडिलांबद्दल लोक बोलत आले तो आवाज मी हुबेहूब काढला, आणि तो काढताना मला जराही अडखळायला झालं नाही. त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे.

बोटाची दोन पेरं काढावी लागली. कपची आतच होती. आधी आणलं असतं तर धुऊन, काढून भागलं असतं, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. मला, शिकलेला माणूस म्हणून.

आठवड्यानं परतीच्या एसटीत अक्का पूर्ण शुद्धीवर होती. पाथरी मागे पडली. मग समोर बघतच म्हणाली, "मास्तर."

तिनं मला कधी मास्तर म्हटलं नव्हतं.

"मला वाटलं ग्लानीत काही ऐकू आलं नसेल तुला," हे माझ्या तोंडून निघालं. माझी लाज बघा. पहिला शब्द तोच.

"ऐकू आलं. बोट गेलं त्याचं काई न्हाई, दगडानं गेलं असतं कधी न् कधी. गावातल्या मास्तरनं दिलं असतं तर पोरीला म्हनले असते, टाकून दे, आपल्याला काय बी देत्यात ते. तुमी दिलं म्हनून लावलं. तुमी आमचे म्हनून."

त्या दिवसापासून माझी भाकर बंद झाली. तिनं बंद केली की मी मागितली नाही, हे सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो, संदूक दाराबाहेर ओढली आणि अंगणात पालथी केली. तळाच्या थराचा एकच हिरवा गठ्ठा झाला होता, त्यातून भुकटी उडाली. हेडमास्तर ओरडत बाहेर आले. मी ओरडलो त्यांच्याहून मोठ्यानं. वरची ताजी तेवढी उचलली आणि दारापासून वाटायला सुरुवात केली. शेवटी पहिल्या रांगेला पुरली नाही. दुसऱ्या दिवशी एक बाप आला. दारात उभा राहून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, "बरं चाललंय," म्हणाला, थुंकला आणि निघून गेला.

एवढंच. बदली नाही, तक्रार नाही. ज्या भीतीनं मी पूर्ण पावसाळा अकरा मुलांना बुरशी चारली, ती भीती दारात थुंकून निघून जाण्याएवढी होती.

पण शेवटच्या रांगेत आता दहाच मुलं होती. अक्काला हातोडा धरवत नव्हता, म्हणून तिच्या जागी मुलगी खडी फोडायला जात होती. मी आठवडाभर गेलो नाही. मग गेलो. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग, मध्ये बाया, आणि एका ढिगाशी ती, आईचा हातोडा दोन्ही हातांनी धरून. बोटाला चिंधी गुंडाळलेली, कपची लागू नये म्हणून. आईनं गुंडाळून दिली असणार.

"शाळेत ये," मी म्हणालो. "संदूक पालथी केली मी. आता दारापासून वाटतो. ताजी मिळेल तुला."

ती उभी राहिली. गुरुजी समोर आले की उभं राहायचं, हे मीच शिकवलं होतं.

"गुरुजी, एक इचारू?"

"विचार."

"त्यातून औषध बनतं हे खरं हाय का खोटं?"

"खरं आहे."

तिनं थोडा विचार केला. तिच्या कपाळाला आठी पडायची विचार करताना, गणित सोडवताना पडायची तशी.

"मग माझं काय चुकलं? मी कमी लावलं का?"

दहा वर्षांची मुलगी ढिगाशी उभी होती आणि स्वतःची चूक शोधत होती. एखादं गणित चुकलं की कुठली पायरी हुकली ते शोधावं तशी. तिला पायरी सांगणं माझं काम होतं. तुझं काहीही चुकलं नाही. अर्धं पान वाचून मी तुला सांगितलं. ते सांगितलं कारण मला तुझ्या हातातली डबलरोटी फेकायची हिंमत नव्हती. नंतर सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. एवढी चार वाक्यं होती. तिला ती कळली असती. तिला सगळं कळायचं.

मी म्हणालो, "मोठी झालीस की कळेल."

तिनं मान हलवली. गुरुजी म्हणाले म्हणजे बरोबर असणार, अशी. मुकादमानं लांबून हाक मारली, "ए पोरी, उभी काय राह्यलीस?" ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी हातोडा उचलला. मी सायकल वळवली.

पुढच्या वर्षी मीच बदली मागून घेतली आणि ती लगेच मिळाली.